बारमधला टिकी आणि आपला बुद्ध

बुद्धाचं मस्तक एखाद्या बारच्या काउंटरवर शोभेला ठेवलं की आपण चिडतो. फोटो फिरतात, निवेदनं जातात, आणि ते योग्यच आहे. मग दुसऱ्या कुणाचा पूर्वज त्याच काउंटरवर दिसला तर आपलं म्हणणं काय?

प्रश्न हवेतला नाही. आमच्या अभ्यासवर्गातल्या, सुतारकाम करणाऱ्या एका तरुणाला रिसॉर्टच्या बारसाठी सहा फुटी लाकडी 'टिकी' कोरायची ऑर्डर आली. मोबाईलवर फोटो दाखवत त्यानं विचारलं, "ताई, हा राक्षस कुठला?"

राक्षस नव्हे. न्यूझीलंडच्या माओरींच्या काही कथांत टिकी हा पहिला माणूस. पॅसिफिकमधल्या मार्केसस बेटांवर देवपण मिळालेल्या पूर्वजांच्या लाकडी-दगडी मूर्तींना टिकी म्हणतात. डोकं मोठं, कारण शरीरात तेच सर्वांत पवित्र. बटबटीत डोळे, रुंद तोंड, वाकलेले गुडघे, पोटावर हात. लोखंड पोहोचण्याआधी हे सगळं दगडी पात्याच्या वाकसानं तासत. ताहितीत देवस्थानांभोवती लावलं जाणारं 'मिरो' म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरचं भेंडीचं झाड (भाजीची भेंडी नव्हे). त्याचंही लाकूड कोरीवकामाला वापरत.

मिशनऱ्यांनी या मूर्तींना सैतान ठरवलं. रुरुतू बेटावरची 'आआ' ही लाकडी मूर्ती १८२१ मध्ये त्यांच्या हवाली झाली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मार्केसस १८४२ मध्ये फ्रान्सनं घेतलं. बाहेरून आलेल्या रोगांनी तिथली माणसं इतकी मेली की १९२० च्या दशकात जेमतेम दोन हजारांच्या आसपास उरली. आणि १९३३ मध्ये हॉलीवूडमध्ये 'डॉन द बीचकॉम्बर' हा बार उघडला, पाठोपाठ कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडमध्ये 'ट्रेडर विक्स'. माणसं संपत आली होती, तेव्हा त्यांचा पूर्वज दारूचा मग झाला.

त्याच ओकलंडमध्ये १९६६ ला ब्लॅक पँथर पार्टी जन्मली. तिच्यापासून प्रेरणा घेऊन १९७१ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये (नावं सारखी वाटली तरी शहरं दोन) पॅसिफिक बेटांवरून आलेल्या आणि माओरी तरुणांनी 'पॉलिनेशियन पँथर्स' उभी केली. १९७२ ला मुंबईत आपली दलित पँथर. म्हणजे ज्यांचा हा टिकी, त्यांच्याशी आपलं नातं आधीच आहे. आपल्या पोरांना ते ठाऊक नाही, एवढंच.

त्या तरुणाला काम सोड असं आम्ही सांगितलं नाही. असे सल्ले देणाऱ्यांचा पगार बहुधा एक तारखेला जमा होत असतो. मालकाशी बोल, पूर्वजाचा चेहरा नको, लाटा-मासे कोरून देतो म्हण, एवढं सुचवलं. मालक मासे चालतील म्हणाला. मजुरी मात्र कमी केली.

अभ्यासवर्गात एकानं हरकत घेतली: आपण मूर्तिपूजा नाकारणारे, दुसऱ्यांच्या देवांची वकिली कशाला? हरकत वजनदार आहे. हवाईत या मूर्ती 'कापू' नावाच्या निर्बंधांच्या व्यवस्थेचा भाग होत्या. स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवायचं नाही, 'काउवा' हा बहिष्कृत वर्ग वेगळ्या वस्तीत. १८१९ मध्ये राणी काआहुमानू आणि तरुण राजा लिहोलिहो यांच्या पुढाकारानं स्त्री-पुरुष एका पंक्तीला बसले आणि कापू मोडला. पुढे देवळं पाडली, मूर्ती जाळल्या गेल्या. महाडला मनुस्मृती जाळणाऱ्यांचे आम्ही वारस; त्या होळीवर आम्ही रडणार नाही. पण आपल्या समाजातली विषमता आपण मोडणं वेगळं आणि परक्यानं पूर्वजाचं तोंड मगावर छापून विकणं वेगळं. पहिल्यात त्यांचा निर्णय होता. दुसऱ्यात त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

म्हणून पुढच्या वेळी बुद्धमूर्तीच्या विटंबनेचं निवेदन लिहू, तेव्हा त्यात टिकीबद्दलही एक ओळ असावी, असा ठराव आम्ही येत्या रविवारी मांडणार आहोत. विरोध असेल त्यांनी जरूर यावं, समोर बोलू.

जय भीम.