तंबोऱ्याची नक्षी

घरातला जुना तंबोरा सौभाग्यवतींच्या वडिलांचा. पुरुषी स्वराचा, भल्या मोठ्या भोपळ्याचा. तरुणपणी तो त्यांनी सहज पेलला. पण आता खांदा आखडतो, आणि दांडीच्या कडेची हस्तिदंती पट्टी एके ठिकाणी उचकटली होती. हृदयविकारामुळे त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. उतारवयात त्वचाही पातळ होते. त्या उचकटलेल्या टोकाने दंडाला नुसते ओरखडले, तरी हाताएवढा काळानिळा डाग पंधरा दिवस राहिला. त्यानंतर मी ठरवले, की काळी चारचा, लहान आणि हलका असा नवा तंबोरा करून घ्यायचा.

दुसरी गोष्टही मीच ठरवली होती, आणि ती चुकली. मधुमेहाने त्यांच्या दृष्टिपटलाची हानी झाली आहे. उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही. डाव्याला खिडकीचा उजेड आणि समोरच्या माणसाची आकृती एवढेच कळते. तेव्हा नक्षीचा खर्च कशासाठी? शिवाय नक्षीत धूळ बसते, आणि पुसायचे काम माझ्याकडे. साधा, गुळगुळीत तंबोरा सांगू, असे मी फोनवर परस्पर कळवूनही टाकले.

नगरहून मिरजेला महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट जाते. इन्सुलिनची थंड पिशवी, खाण्याचा डबा आणि खिशात साखरेच्या पुड्या अशा तयारीने आम्ही निघालो. दौंड गेल्यावर मी साध्या तंबोऱ्याचे सांगितले. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अहो, मला दिसत नाही म्हणून माझी साडीही उद्या बिनकाठाची आणाल का?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

मिरजेचे हे काम फार जुने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू या शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यातील कारागिरांनी, येथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावी राहिले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढा भागातून. ते वाळवून ठेवलेले दुकानाच्या माळ्यावर टांगलेले होते. सौभाग्यवतींनी तीन भोपळ्यांवर बोटाने टिचक्या मारल्या आणि चौथा निवडला. त्यात मला काही गती नाही.

मग नक्षीचे सामान पुढे आले. “काकू, हात द्या,” असे म्हणत कारागिराने एकेक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. मधुमेहात नसांची संवेदना बहुधा आधी पावलांत मंदावते, हातांत नंतर. यांच्या पावलांना खडा टोचलेला कळत नाही, त्यामुळे रोज रात्री ती मी तपासतो; पण बोटे अजून तल्लख आहेत, याचा मला त्या दुकानात विसर पडला होता.

पहिला तुकडा उंटाच्या हाडाचा. थंड, जड, करकरीत. कड निघाली तर ती पुन्हा ओरखडेल, म्हणून मी नको म्हटले, आणि यावर त्यांचेही एकमत झाले. वडिलांच्या तंबोऱ्यावरची हस्तिदंती पट्टी नव्याला बसवता येईल का, असे त्यांनी विचारले. कारागिराने नम्रपणे नकार दिला. १९८६ आणि १९९१ च्या कायदादुरुस्तीने हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद झाला आहे आणि त्या भानगडीत तो पडत नाही. त्यांचा चेहरा उतरला. माझ्या मते त्याचे बरोबर होते.

तिसरा तुकडा सेल्युलॉइडचा. हस्तिदंताला पर्याय म्हणूनच हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात पुढे आला. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हत्ती पुरत नव्हते! तो नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनतो. सौभाग्यवतींनी तुकडा पदरावर जोराने घासला, नाकाशी नेला आणि हसून म्हणाल्या, “देवघर!” घासल्यावर त्यातला कापूर खरोखरच दरवळतो. गरम पाण्यात तो मऊ पडतो, त्यामुळे तबलीच्या वळणावर अंगासरशी बसतो, कड उचकटण्याचा धोका कमी. दोष एकच, आणि तो मोठा: सेल्युलॉइड भडकन पेटते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी जुनी वाद्ये असतील, त्यांनी निरंजन, उदबत्ती आणि गॅसच्या शेगडीपासून ती दूर ठेवावीत. आमचा तंबोरा आता देवघराच्या खोलीत नाही, बाहेरच्या खोलीत असतो.

पट्टीवर वेल कोरून रेघांत रंग भरतात आणि वरून घासून सपाट करतात. सौभाग्यवतींनी विचारले, “रंग भरला नाही तर?” कारागीर क्षणभर थांबला. मग म्हणाला, रेघा थोड्या खोल घेतो, उघड्या ठेवतो, कडा मात्र गोल करतो. मी धुळीचा मुद्दा काढला. कोरडा, मऊ ब्रश पुरे, ओले फडके लावायचे नाही, एवढे सांगून त्याने तो निकालात काढला. उत्साहाच्या भरात मी सुचवले, की खुंट्यांपाशी उंचवट्याचे ठिपके बसवावेत, म्हणजे कोणती खुंटी कोणत्या तारेची ते हाताला कळेल. “ते मला पंचावन्न वर्षे ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. कारागिराने हसू लपवण्यासाठी मान खाली घातली.

तंबोरा घरी येऊन चार महिने झाले. दंडावर एकही डाग नाही. सकाळी त्या तो लावतात, आणि स्वर जुळेपर्यंत डावा हात वेलीवरून फिरत असतो. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, वेलीवर सतरा पाने आहेत. मी ब्रश फिरवताना मोजली, सोळा भरली. तसे बोललो, तर त्यांनी माझे बोट धरून गळ्याच्या वळणाखाली नेले. तिथे एक पान होते, अर्धे दुमडलेले.