धोंडा सुटण्याआधी

पेरूच्या जंगलातल्या जुन्या देवळातून सोन्याची मूर्ती उचलून इंडियाना जोन्स पळत सुटतो आणि त्याच्या पाठोपाठ एक अजस्र धोंडा गडगडत येतो. १९८१ सालच्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मधला हा प्रसंग पाहिला, की ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरचे हात शिवशिवू लागतात. प्रस्तुत लेखकही त्यातलाच. पण पडद्यावरचा धोंडा नायकाला चिरडणार नाही, हे पटकथेनं आधीच ठरवलेलं असतं. टेबलावर पटकथा नसते. तिथं चार-पाच खेळाडू असतात, त्यांनी जिवापाड जपलेली पात्रं असतात आणि वीस बाजूंचा फासा असतो. फासा कुणाची भीड धरत नाही.

मग सिनेमातून घ्यायचं काय? त्याच प्रसंगाच्या थोडं मागं जाऊन पाहावं. मूर्तीच्या वाटेवर उन्हाची एक तिरीप आहे. ती अडवली, की भिंतीतून सुळे बाहेर येतात आणि त्यांच्यावर आधीच्या शोधकाचं प्रेत लटकलेलं दिसतं. पुढं जमिनीतला एक दगड मशालीच्या दांड्यानं दाबला, की सण्णकन बाण सुटतो. मूर्तीच्या जागी वाळूची पुरचुंडी ठेवण्यापूर्वी इंडियाना त्यातली मूठभर वाळू काढून टाकतो. या देवळात उजेड, दाब आणि वजन या तिन्हींवर पहारा आहे, हे धोंडा सुटण्याआधीच आपल्याला कळलेलं असतं. नवशिक्या डंजन मास्टरच्या हातून नेमका हाच भाग गळतो आणि मागं उरते नुसती शिक्षा: चाललात, दगड दाबला गेला, मेलात.

या खेळाच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांचं ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस इंडियानाच्या आधीचं. १९७५ साली ते ‘ओरिजिन्स’ या संमेलनात खेळलं गेलं आणि १९७८ साली छापून आलं. त्यात भिंतीवर एक हिरवा राक्षसी चेहरा आहे. त्याच्या उघड्या तोंडात जो शिरेल तो कायमचा नष्ट होतो, वाचण्यासाठी फासा टाकण्याचीही सोय नाही. हा सापळा क्रूर म्हणून गाजला. मात्र त्याच दालनाच्या फरशीत एक कोडं लिहिलेलं आहे आणि हिरव्यापासून जपण्याचा इशारा त्यात आहे. गायगॅक्स कठोर होते, पण मुके नव्हते.

धोंड्याचं गणितही पाहण्यासारखं आहे. २०१४ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये दहा फूट व्यासाचा दगडी गोळा दिला आहे. तो आपल्या पाळीला सरळ रेषेत ६० फूट जातो आणि ज्याला गाठेल तो चपळाईच्या कसोटीत चुकला, तर त्याचं दहा बाजूंच्या १० फाशांइतकं, म्हणजे सरासरी ५५ गुणांचं नुकसान करतो. माणसाची चाल ३० फूट; जीव तोडून धावला तर ६०. म्हणजे धोंडा आणि माणूस बरोबरीत. पण त्याच नियमांत बुटक्याची (ड्वार्फची) चाल २५ फूट, धावून ५०. अख्खी टोळी सुटते आणि बुटका मागं राहतो. आता त्याच्यासाठी कोण थांबणार? शक्तीची अवघड कसोटी पार केली तर गोळ्याचा वेग १५ फुटांनी कमी होतो, अशी वाटही नियमानं ठेवली आहे. सिनेमात एकट्यानं पळायचा प्रसंग इथं सगळ्यांचा होतो.

हे सगळ्यांचं होणं फार मोलाचं. अमरीश पुरींचा मोलाराम असलेल्या ‘टेम्पल ऑफ डूम’मध्ये (१९८४) खिळ्यांचं छत खाली येत असतं. इंडियाना आणि त्याचा छोटा साथीदार शॉर्ट राउंड आत अडकलेले. सुटकेची कळ बाहेर, त्यांच्यासोबत आलेल्या विलीच्या हाताशी, पण किड्यांनी बुजबुजलेल्या भोकात. छत सावकाश उतरतं म्हणून प्रत्येकाला बोलायला, घाबरायला, काही करून पाहायला वेळ मिळतो. एका फटक्यात संपणाऱ्या सापळ्यात बाकीचे खेळाडू नुसते बघत बसतात.

‘लास्ट क्रुसेड’मधली (१९८९) अक्षरांच्या फरशांची, देवाच्या नावातल्या अक्षरांवरच पाय ठेवत ओलांडायची वाट मात्र जशीच्या तशी उचलू नये. लॅटिनमध्ये देवाचं नाव कुठल्या अक्षरानं सुरू होतं, हे इंडियानाला वेळेवर आठवतं. खेळाडूला नाही आठवलं तर? तो छताला दोर बांधेल, फरशांवर दगड टाकून पाहील, जादूच्या हातानं एकेक अक्षर दाबून बघेल. हे सारं चालू द्यावं. प्रस्तुत लेखक आपल्या वहीत सापळा कसा चालतो तेवढंच लिहितो. उत्तराची जागा तो मुद्दाम कोरी सोडतो, कारण टेबलाभोवतीची डोकी त्याच्यापेक्षा जास्त असतात.

जिवावरचा सापळा आला, की नुकसानीचे फासे तो डंजन मास्टरसमोरच्या आडोशामागं ठेवत नाही. दहाचे दहा फासे टेबलाच्या मध्यावर मांडतो आणि मूर्तीखालचा चौथरा किंचित हलतोय, हे सांगतो. कुणी दोराचं टोक दाराबाहेर बांधायला धावतं, कुणी मूर्ती तिथंच सोडून निघू म्हणतं, आणि पुढचा अर्धा तास वाद रंगतो.