थाट राजांचा, चासी रॉइसची

रोल्स-रॉइस या नावाचा मला पूर्वी रागच होता. आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाचा या गाडीशी संबंध येतोच कुठे? पण जिथे जिथे ती दिसली, म्हणजे जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात, संस्थानिकांच्या फोटोंत, नाहीतर सिनेमातल्या बड्या शेठच्या बंगल्यापुढे, तिथे ती एकच गोष्ट सांगायची, की मालकाकडे पैसा उतू चाललाय. चांदीचा मुलामा दिलेले दिवे, हस्तिदंती मुठी, वाघाच्या शिकारीसाठी बसवलेले सर्चलाइट. दुष्काळी कामावर रयत खडी फोडत असताना राजवाड्यात या गाड्यांची रांग लागायची, हा हिशेब मला पटत नव्हता. तो आजही पटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्या गाडीची तारीफ करणार आहे.

त्या रागामुळेच अलवरच्या महाराजांची गोष्ट मला फार आवडायची. महाराज जयसिंह लंडनमध्ये साध्या कपड्यांत शोरूममध्ये गेले, विक्रेत्याने त्यांना भाव न देता वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी महाराज इतमामात परत आले, होत्या नव्हत्या तेवढ्या गाड्या रोख घेतल्या आणि अलवरला आणून थेट कचरा वाहायला जुंपल्या. मग म्हणे कंपनीने तार करून माफी मागितली. शिकाऊ मुलांना मी ही गोष्ट रंगवून सांगायचो. टाळ्या हमखास पडायच्या.

पुढे तीच गोष्ट मी भरतपूरच्या महाराजांच्या नावावर ऐकली, मग पतियाळाच्या, मग चक्क निजामाच्या. कुठे गाड्या सहा, कुठे दहा. एवढ्यानेही माझा विश्वास उडाला नसता; लोककथा अशीच फिरते. पण त्या काळी ही गाडी विकली कशी जायची हे वाचलं आणि गोष्टीचा सांधाच निखळला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइस कंपनी पूर्ण गाडी बनवतच नसे. ती बनवायची फक्त चासी: फ्रेम, इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, स्प्रिंगा, चाकं आणि पुढचा तो देवळाच्या कमानीसारखा रेडिएटर. ही चासी मग बार्कर, हूपर अशा कोचबिल्डरकडे जायची आणि गिऱ्हाइकाच्या फर्माईशीप्रमाणे तिच्यावर बॉडी चढायची. यात महिने जायचे. भाजी घ्यावी तशा दहा गाड्या तराजूतून उचलून आणायचा तो मामलाच नव्हता.

गोष्ट खोटी ठरली याचं मला विशेष काही वाटलं नाही. मला अडवलं ते त्या चासीने. ज्या चांदी-हस्तिदंताचा मला तिटकारा होता, तो सगळा वरचा मामला होता. राजाने मागितला आणि कोचबिल्डरने लावून दिला. त्याच्या खाली जे होतं ते कुणी केलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

ते केलं हेन्री रॉइसने. जन्म 1863, पीटरबरोजवळच्या अल्वल्टन या खेड्यात. बाप पिठाच्या गिरणीवाला, धंद्यात बुडालेला, आणि लवकर वारलेला. पोराने लहानपणी पेपर विकले, तारा वाटल्या. एका मावशीने पैसे भरले म्हणून रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी मिळाली; तिचे पैसे संपले तशी उमेदवारीही अर्धवट सुटली. 1884 मध्ये त्याने मँचेस्टरला छोटा कारखाना काढला. आधी विजेच्या घंटा, मग डायनॅमो, मग क्रेन. चाळिशीला आल्यावर एक सेकंडहँड फ्रेंच मोटार घेतली, डेकॉव्हिल कंपनीची. तिच्यात त्याला जागोजाग खोटी दिसल्या. दुसरा कुणी तक्रार करत बसला असता. याने तसलीच गाडी स्वतः करायला घेतली, फक्त प्रत्येक भाग जरा बरा. 1 एप्रिल 1904 ला पहिली गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली. नवा शोध म्हणावा असं तिच्यात फारसं काही नव्हतं, आणि रॉइसचा मोठेपणा मला नेमका त्यातच दिसतो.

रोल्सची ओळख थोडक्यात आटोपतो. लॉर्डचा मुलगा, केंब्रिजमध्ये शिकलेला, लंडनमध्ये परदेशी मोटारी विकणारा, शर्यती आणि विमानांचा नादी. 4 मे 1904 ला मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात दोघं भेटले. रॉइस करील तेवढ्या गाड्या रोल्सने विकायच्या, असं ठरलं. 1910 मध्ये बोर्नमथला विमान कोसळून रोल्स गेला, वय अवघं 32. म्हणजे जोडनावात पहिला मान मिळालेल्या माणसाचा सहवास या गाडीला उणापुरा सहा वर्षांचा. बोलताना लोक पुन्हा नुसतं ‘रोल्स’ म्हणतात. मिस्त्रीचं नाव गळतं, साहेबाचं राहतं. हे आमच्याकडेही होतं.

आता त्या इंजिनाबद्दल, कारण माझं मत खरं तिथे फिरलं. 1906 मध्ये रॉइसने 40/50 हॉर्सपॉवरची सहा सिलिंडरची गाडी आणली. त्या काळात सहा सिलिंडर म्हटलं की मेकॅनिक हात जोडायचे, कारण लांबलचक क्रँकशाफ्ट फिरताना पिळला जायचा, थरथरायचा आणि एक दिवस मोडायचा. रॉइसच्या स्वतःच्या आधीच्या सहा सिलिंडर गाडीलाही हा त्रास होता. त्याने काय केलं, तर तीन-तीन सिलिंडरचे दोन गट पाठीला पाठ लावून एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे मांडले, क्रँक चांगला जाडजूड घेतला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि तेल पंपाच्या दाबाने थेट बेअरिंगपर्यंत पोचवलं. सात लिटरचं इंजिन आणि ताकद पन्नास हॉर्सपॉवरच्याही आत. आजच्या पोराला हसू येईल. पण थरथर गेली. ज्याने कधी लेथवर लांब शाफ्ट धरला असेल आणि मध्यभागी तो कसा लवतो ते पाहिलं असेल, त्याला याची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

1907 मध्ये यातलीच एक गाडी, चंदेरी रंगाची, ‘सिल्व्हर घोस्ट’ नावाची, रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली 15,000 मैल पळवली. लंडन ते ग्लासगो, पुन्हा लंडन, अशा येरझाऱ्या. 629 मैलांवर ती थांबली, कारण हादऱ्यांनी पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला होता. त्यानंतरचे 14,371 मैल गाडी बिघडून एकदाही थांबली नाही. शेवटी क्लबच्या लोकांनी ती पूर्ण उघडली आणि झीज मोजली. एवढ्या जंगी यशाच्या हिशेबात तो क्षुल्लक कॉकही नोंदला गेला आहे, याचं मला फार बरं वाटलं. आमच्याकडे इन्स्पेक्शन रिपोर्टात अशी ओळ लिहायची म्हटली की वरून कुणीतरी विचारायचं, लिहायलाच पाहिजे का?

दुसऱ्याच वर्षी, 1908 मध्ये, अशीच एक गाडी आपल्याकडे आली. तिचं नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’. मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी ठेवली होती, तीत तिने घाट पार करून बाजी मारली. रस्ते मातीचे आणि खडीचे, ब्रेक फक्त मागच्या चाकांना. चढ सोडा, घाट उतरताना त्या ड्रायव्हरने काय केलं असेल याचा विचार करतो. ती गाडी पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली. आमच्या राजांनी ही गाडी निव्वळ गोऱ्या साहेबाची नक्कल म्हणून घेतली, असं मी म्हणत आलो होतो. निदान या सौद्यात तरी राजाने आधी घाट चढलेली गाडी पाहिली आणि मग पैसे मोजले.

इतपत झाल्यावर माणूस भक्त व्हायचा. मीही काही काळ झालो. ‘जगातली सर्वोत्तम मोटार’ हे वचन मला खरं वाटू लागलं. मग कळलं, की हे वचन रूढ करण्यामागे क्लॉड जॉन्सन नावाच्या मॅनेजरचं डोकं होतं. रोल्स आणि रॉइस यांच्यामधली जोडरेघ म्हणजे हा माणूस, असं त्याच्याबद्दल म्हणायचे. सिल्व्हर घोस्टला चंदेरी रंग देणारा, ती लांबलचक चाचणी घडवून आणणारा, बाकी सगळी मॉडेलं बंद करून एकाच गाडीवर कारखाना चालवणारा तोच. त्याने मालकांच्या शोफरांसाठी शाळा काढली, विकलेल्या गाड्या तपासायला माणसं पाठवली. जाहिरातबाज होता, पण जाहिरातीत जे सांगितलं ते निभावून न्यायची व्यवस्थाही त्यानेच लावली. रेडिएटरवरची पंखधारी बाई चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने 1911 मध्ये घडवली, तीही जॉन्सनच्याच सांगण्यावरून: मालक मंडळी स्वतःच्या हौशीने नाही नाही ते पुतळे बसवू लागली होती म्हणून.

भक्ती खऱ्या अर्थाने उतरवली ती स्टॅन्ली हूकरने. हा रोल्स-रॉइसचा विमान इंजिनांचा मोठा इंजिनिअर. स्पिटफायर विमानातलं मर्लिन इंजिन युद्धाच्या धामधुमीत आणखी कारखान्यांत काढायचं ठरलं, तेव्हा ब्रिटनच्या फोर्डची माणसं डर्बीला, रोल्स-रॉइसच्या कारखान्यात आली. ड्रॉइंग पाहून त्यांचा प्रमुख म्हणाला, यावरून आम्हाला इंजिन करता येणार नाही. हूकरला वाटलं, साहजिक आहे, आमचे टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, यांना झेपणार नाहीत. फोर्डचा माणूस म्हणाला, उलट, तुमचे टॉलरन्स फार ढिले आहेत. आमच्या साध्या मोटारीचे भाग याहून अचूक असतात. हूकरने हे स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे.

याचा अर्थ बाहेरच्या माणसाला चटकन लागत नाही. डर्बीत कसबी फिटर होते. पार्ट हातात घ्यायचा, बसवून बघायचा, जरा घासायचा, पुन्हा बसवायचा, नाहीच जमलं तर ट्रेमधला दुसरा उचलायचा. असं केलं की इंजिन गुळगुळीत चालतं, पण ते त्या फिटरचं इंजिन असतं. त्यातला पार्ट काढून शेजारच्या इंजिनात बसेलच असं नाही. फोर्डच्या लाइनवर घासायला माणूसच नव्हता. तिथे कुठलाही पार्ट कुठल्याही इंजिनात मुकाट्याने बसला पाहिजे. मग अचूकपणा ड्रॉइंगमध्येच हवा, मशीनवरच हवा. फोर्डने सगळी ड्रॉइंग नव्याने काढली, त्यात बराच वेळ गेला, आणि नंतर मँचेस्टरच्या त्यांच्या कारखान्यातून 30,000 च्या वर मर्लिन बाहेर पडली. आमच्या असेंब्लीत कुणाच्या हातात कानस दिसली की सुपरवायझर ओरडायचा, ‘घासतोयस कशाला, रिजेक्ट कर!’ हाताने घडवलेलं म्हणजे श्रेष्ठ, हे रोल्स-रॉइसच्या लौकिकातलं सगळ्यात गोड वाक्य आहे. ते ऐकून मी मान डोलवत होतो, आणि पोट भरलं होतं मी नेमक्या उलट शिस्तीवर.

पुढचा इतिहास मी फार मनाला लावून घेत नाही. विमानाच्या एका नव्या जेट इंजिनाच्या खर्चाने कंपनी बुडाली. 4 फेब्रुवारी 1971 ला दिवाळखोरी जाहीर झाली, इंजिनांचा धंदा सरकारने घेतला आणि मोटारींचा वेगळा काढला. 1998 मध्ये मात्र गंमतच झाली. फोक्सवॅगनने 43 कोटी पौंडांना मोटारींचा कारखाना घेतला. क्रू गावच्या त्या कारखान्यातली माणसं, यंत्रं, रेडिएटरची ती कमान, पंखवाली बाई, सगळं हाती आलं. ‘रोल्स-रॉइस’ हे नाव तेवढं राहिलं, कारण ते विमान इंजिनांच्या कंपनीकडे होतं, आणि तिने ते 4 कोटी पौंडांना बीएमडब्ल्यूला दिलं. तडजोड होऊन 2003 पासून रोल्स-रॉइस गुडवुडच्या नव्याकोऱ्या कारखान्यात बनू लागली आणि क्रूचे जुने कामगार तिथलीच दुसरी गाडी, बेंटली, बनवत राहिले. गुडवुडची गाडी उत्तम असेलच, मला शंका नाही. पण तिच्यामुळे रॉइसबद्दल माझं मत वर जात नाही की खाली येत नाही.

आता एक अवघड गोष्ट उरते. रॉइसला मनासारखा जाड क्रँक घेता आला, एकेक भाग पुन्हा पुन्हा करून बघता आला, कारण किंमत न विचारणारी गिऱ्हाइकं होती. त्यात आमचे संस्थानिक होते, आणि त्यांचा पैसा त्याच खडी फोडणाऱ्या रयतेच्या सारावसुलीतून आलेला होता. ज्या वर्षी ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ कोल्हापूरच्या वाटेला लागली, त्याच 1908 मध्ये डेट्रॉइटला फोर्डने मॉडेल टी काढली, शेतकऱ्याला परवडावी म्हणून. आणि स्वस्त करायची म्हणूनच तिला अचूक व्हावं लागलं. इतकं, की तीस वर्षांनी फोर्डचा माणूस डर्बीत येऊन ड्रॉइंग परत करू शकला. माझ्या हाताखालच्या एखाद्या हुशार पोराला उमेदवारीला पाठवायचं असतं, तर मी डोळे मिटून फोर्डकडे पाठवलं असतं. मला स्वतःला विचाराल तर रॉइसकडे गेलो असतो, पगार कमी घेऊनसुद्धा. हे दोन्ही खरं आहे आणि त्यांचा मेळ मला घालता आलेला नाही.