तोंडाच्या मापानं

काचेजवळ माणूस आला की लायनफिश पुढे येतो. पिसाऱ्यासारखे पर पसरून, जराही घाई न करता, तोंड किंचित वर करून थांबतो. पाळणाऱ्याच्या हातातला लांब चिमटा तो ओळखतो आणि हातात चिमटा नसला तरी तसाच थांबतो. हा मासा सांभाळण्याची कला इथूनच सुरू होते. तो मागतो म्हणून प्रत्येक वेळी द्यायचं नसतं.

दुकानात तो बोटभर दिसतो. पण लिनिअसनं १७५८ साली ज्याचं वर्णन केलं, तो टेरॉइस व्हॉलिटान्स पुढे ३८ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याला साडेचारशे लिटरची तरी टाकी हवी. पाणी, वाळू, खडक आणि काच मिळून अर्ध्या टनाहून जास्त वजन होतं, म्हणून मुंबईतल्या फ्लॅटमध्ये ती बीमलगतच्या भिंतीशी ठेवायची आणि त्याआधी इंजिनिअरला विचारायचं. जागा कमी असेल तर डेंड्रोकायरस प्रजातीतल्या बुटक्या जाती बऱ्या. त्या साधारण १५ ते १८ सेंटिमीटरवर थांबतात आणि दोनशे लिटरमध्ये नीट राहतात.

शेजारी निवडताना माप एकच, त्याच्या तोंडाचं. तोंडात मावेल ते सगळं त्याच्या लेखी अन्न. संध्याकाळी टाकीत शोभून दिसलेला क्लाउनफिश सकाळी नाहीसा झालेला असतो. उलट ट्रिगरफिश आणि पफर त्याचेच पर कुरतडतात. त्याच्या तोंडात न मावणारा, शांत स्वभावाचा टँग किंवा एंजलफिश असेल तर सोबत जमते.

त्याची शिकार एकदा तरी निवांत बसून पाहावी. रुंद पर पसरून तो भक्ष्याला कोपऱ्यात रेटतो. मग तोंडातून पाण्याची बारीक धार सोडतो. प्रवाह कुठून आला म्हणून मासा तोंड वळवतो, आणि डोक्याच्या बाजूनं गिळला जातो. या फुंकरीचं शास्त्रीय वर्णन २०१२ साली प्रसिद्ध झालं.

अडचण येते ती नव्या माशाची. हलत नाही तेही अन्न असतं, हेच त्याला ठाऊक नसतं. सुरुवातीला जिवंत छोटी कोळंबी द्यावी लागते. मग कोळंबीचा किंवा माकुलाचा तुकडा पारदर्शक काडीला टोचून, जिवंत असल्यासारखा हलवत त्याच्यासमोर न्यायचा. कुणी दोन आठवड्यांत शिकतो, कुणी दोन महिने घेतो. या काळात धीर सुटून स्वस्तातले गोल्डफिश टाकायचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. गोल्डफिशमध्ये बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं थायमिनेज असतं आणि चरबीही नको तशी. तेच खाणारा लायनफिश हळूहळू खंगतो.

शिकल्यावर तो थांबतच नाही. पोटाची पिशवी मूळ आकाराच्या तीसपट फुगू शकते, असं प्राणिशास्त्रज्ञ लेव्ह फिशेल्सन यांनी नोंदवलं आहे. टाकीत मात्र ही क्षमताच त्याच्या मुळावर येते. जास्त खाऊन यकृतावर चरबी चढते. म्हणून वाढलेल्या माशाला आठवड्यातून दोन-तीनदाच खायला द्यायचं, आणि तुकडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. एवढ्या खाण्यातून निघणारी घाण उपसायला मोठा प्रोटीन स्किमर लागतो आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलावं लागतं. पावसाळ्यात वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असावा.

विषारी काटे एकूण अठरा: पाठीवर तेरा, खालच्या परांत दोन, गुदपरात तीन. मोरपिसाऱ्यासारखे दिसणारे बाजूचे पर मात्र बिनविषारी. हात पाण्यात असताना मासा कुठे आहे, ते नजरेआड होऊ द्यायचं नाही. त्याला जाळ्यानं उचलायचं नाही, कारण काटे जाळ्यात अडकतात. टणक डब्यातच हलवायचं. काटा लागलाच तर सुमारे ४५ अंश, सोसवेल इतक्या गरम पाण्यात जागा अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची आणि डॉक्टर गाठायचा. विष प्रथिनाचं असल्यानं उष्णतेनं निकामी होतं.

हेच तोंड टाकीबाहेर गेलं की काय होतं, ते अटलांटिकनं पाहिलं. १९८५ साली फ्लोरिडाच्या डेनिया बीचजवळ पहिला लायनफिश सापडला. कुणीतरी पाळलेला मासा सोडला असावा, असं मानलं जातं. मादी वर्षाला सुमारे वीस लाख अंडी घालते, आणि तिथल्या छोट्या माशांना हा शिकारी ओळखता आला नाही. बहामातल्या प्रवाळखडकांवरच्या एका प्रयोगात, पाच आठवड्यांत नव्यानं वस्तीला येणारे स्थानिक मासे सरासरी ७९ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २००८ साली छापून आला. फ्लोरिडानं २०१४ मध्ये जिवंत लायनफिशच्या आयातीवर बंदी घातली.

लक्षद्वीपच्या आणि अंदमानच्या खडकांवर लायनफिश मूळचेच आहेत. तरीही टाकीतला मासा समुद्रात सोडायचा नाही. तो कुठल्या समुद्रातून आला आणि अंगावर कोणते परजीवी घेऊन आला, हे कुणी सांगू शकत नाही. पाळणं जमेनासं झालं तर तो दुकानदाराकडे परत द्यायचा.

कधी दिवसभर तो खात नाही, अंग झटकतो, जांभई दिल्यासारखं तोंड उघडतो. नवख्याला वाटतं आजार झाला. जाणता फक्त पाहत बसतो. रात्री पातळ पापुद्रा पाण्यात तरंगतो: लायनफिशनं कात टाकलेली असते, आणि तिच्याबरोबर अंगावरचं शेवाळही गेलेलं असतं. सकाळी पट्टे लख्ख दिसतात. काचेजवळ कुणी आलं की तो पुन्हा पुढे येतो. आज खाण्याचा वार नाही. चिमटा खुंटीवरच राहतो, आणि पाळणारा खुर्ची ओढून समोर बसतो.