कुलवृत्तांताची फाइल

संगणक बदलणं हे फार मोठं काम नाही, असं मी आता छातीठोकपणे सांगू शकते. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तेव्हा आमच्या नारायण पेठेतल्या अक्षरजुळणीच्या दुकानातले दिवाळी अंक नुकतेच छपाईला गेले होते. दुकानातले संगणक धडधाकट होते, पण सातव्या पिढीच्या प्रोसेसरचे. विंडोज ११ ला इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. चालतं यंत्र भंगारात काढायला माझं मन होईना. भाच्यानं त्यांवर लिनक्स मिंट टाकून दिलं. संध्याकाळपर्यंत दुकानातल्या मुली त्यावर टाइप करायला लागल्या होत्या. इनस्क्रिप्ट की-बोर्ड तिथं होताच, लिब्रेऑफिसही होतं. इनडिझाइन तेवढं लिनक्सवर चालत नाही, म्हणून पानं लावायला विंडोज ११ चं एक नवं मशीन घेतलं. झालं बदलून.

अडलं ते कुलवृत्तांतापाशी.

एका कोकणस्थ घराण्याचा कुलवृत्तांत आम्ही पंचवीसेक वर्षांपूर्वी जुळवला होता. आता नवी आवृत्ती काढायची ठरली. या वेळी मुलींच्या शाखाही सविस्तर घ्यायच्या होत्या. संपादक म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक काका. ते म्हणाले, “ताई, जुना मजकूर तुमच्याकडे आहेच की. त्यात फक्त नवी नावं घालायची.” हे ‘फक्त’ ऐकलं की आमच्या धंद्यातल्या कोणाच्याही पोटात गोळा येतो.

मजकूर होता खरा. सीडीवरून हार्ड डिस्कवर, तिथून दुसऱ्या हार्ड डिस्कवर असा तो जपलेला होता. पण तो पानं लावायच्या जुन्या पेजमेकरमध्ये होता. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची. त्या फाइली उघडू शकणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती सीएस६, म्हणजे २०१२ ची. आमच्या नव्या इनडिझाइननं त्या फाइलीकडे बघितलंसुद्धा नाही. गंमत अशी की ती उघडली लिनक्सवरच्या लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये. फुकटच्या या प्रोग्राममध्ये पेजमेकरच्या फाइली वाचायची सोय २०१५ पासून आहे. पानं दिसली, चौकटी दिसल्या, वंशवृक्षाच्या रेघाही दिसल्या. मराठी मात्र एक अक्षर नाही. सगळीकडे टोपीवाली, टिंबवाली युरोपी अक्षरं आणि मधेच पौंडाचं चिन्ह.

याचं कारण ठाऊक असलेली पिढी आता चष्म्यातून बघते, म्हणून सांगते. त्या काळच्या मराठी फाँटमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नव्हतीच. फाँटमध्ये जेमतेम दोनशेच्या आसपास जागा असत, त्या इंग्रजी आणि युरोपी अक्षरांच्या. त्या जागांवर आपले आकार बसवलेले असत: अर्धा क, काना, उकार, रफार, वेलांटी. फाइलमध्ये जात होती युरोपी अक्षरं, आणि फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवत होता. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटमध्ये उघडला की कचरा. शिवाय आमच्या सॉफ्टवेअरला कुलूप होतं. प्रिंटरच्या पोर्टला लावायचा बोटभर ठोकळा, तो नसेल तर टायपिंग बंद. पुढं संगणकांना ते पोर्टच येईनासं झालं.

आणि मला सगळ्यात बोचतं ते पुढचं. त्याच्याही आधी, डॉसच्या काळात, आमच्याकडे जिस्ट कार्डाचं मशीन होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं, भारतीय लिप्या संगणकावर आणायचं हे काम पुढं पुण्याच्या सीडॅकनं वाढवलं. पडद्यावरची अक्षरं ओबडधोबड, छपाईत तर बघवत नसत. पण ‘क’ टाइप केला की फाइलमध्ये ‘क’च जायचा, कारण त्यामागं इस्की हे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेलं प्रमाण होतं. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्कीवरूनच बेतला आहे. विंडोज आल्यावर आम्ही देखण्या फाँटांवर भाळून तिकडे पळालो. सगळा पेठेतला धंदाच पळाला. पडद्यावर छापल्यासारखं पान दिसतंय म्हटल्यावर फाइलच्या पोटात काय आहे हे कोण विचारणार? पुढं जातोय असं वाटत असताना आम्ही एक मोठं पाऊल मागं टाकलं होतं.

याचा पुरावा या कामातच मिळाला. कुलवृत्तांताची नावांची पहिली यादी जिस्टवर टाइप झाली होती. ती मजकुराची साधी फाइल भाच्यानं एका मोफत प्रोग्राममधून काढली, तर पूर्ण शुद्ध युनिकोडमध्ये आली. पेजमेकरच्या फाइलीहून जुनी, कुरूप, डॉसची फाइल! नंतरचा देखणा मजकूर मात्र रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून चाळून काढावा लागला.

चाळताना काय काय सांडलं ते सांगते. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. हे उड्या मारणं प्रोग्रामला बरंचसं जमतं, पण जोडाक्षराच्या डोक्यावर रफार असला की तो शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसतो. ‘कऱ्हाड’चं सगळीकडे ‘कर्हाड’ झालं. अशी गावांची नावं एका झटक्यात बदलता येतात. पण मजकुरात आचार्यांना दक्षिणा दिली की आचाऱ्यांना, ते यंत्राला कळत नाही. पदव्या इंग्रजी लिपीत होत्या. मजकूर साधा करताना फाँट बदलल्याची खूण गेली, आणि प्रत्येक एम.एस्सी.च्या जागी अगम्य देवनागरी गुंता आला. वर ओळी ठाकठीक बसाव्यात म्हणून त्या काळी आम्ही ओळीच्या शेवटी हातानं शब्द तोडून आडव्या रेघा घातल्या होत्या. नव्या पानावर ओळी हलल्या आणि त्या रेघा शब्दांच्या मधोमध उगवल्या. ‘गण-पतराव’, ‘सदा-शिव’.

युनिकोड तर होतं, मग इतकी वर्षं थांबलात का, असं भाचा विचारतो. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय होती हे खरं. त्यातला मंगल हा फाँट र. कृ. जोशी यांच्यासारख्या जाणत्या माणसानं घडवलेला, पडद्यावर वाचायला स्वच्छ. पण लग्नपत्रिका मंगलमध्ये कोण छापून घेणार? पेजमेकरला युनिकोड कधी कळलंच नाही, आणि आमची भाकरी पेजमेकरवर होती. छापखान्याला फाइल द्यायची ती त्याला उघडता येईल अशीच द्यावी लागते. एकट्यानं सुधारून भागत नाही.

शिवाय बोटं. मी शिकले ती टाइपरायटरवर, मराठी ४० ची परीक्षा देऊन. तिथं दिसेल तसं टाइप करायचं. इनस्क्रिप्टमध्ये म्हणू तसं: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, आणि जोडाक्षरासाठी मधे हलन्त. पटायला सोपं, पण चाळिशीनंतर बोटांना पटवणं अवघड. पहिले काही आठवडे मी ‘स्थिती’ लिहिताना आधी वेलांटीच मारत होते. आता हात बसलाय, आणि जुन्या पद्धतीनं टाइप कर म्हटलं तर अडखळते.

दुकानात आलेली नवी मुलगी दोन्ही शिकली नाही. ती फोनला बोलून दाखवते, फोन लिहितो, मग ती दुरुस्त करते. वेग माझ्याहून चांगला आहे, हे मान्य. पण ‘पाणी’ आणि ‘पानी’ तिच्या नजरेतून सुटतं, आणि मी ओरडले की म्हणते, “ताई, फोनला तसंच ऐकू आलं.”

नवी नावं गूगल फॉर्मवरून आली. न्यू जर्सीतून, मेलबर्नमधून, रत्नागिरीतून. सगळी युनिकोडमध्ये, म्हणून ती जुन्या मजकुरात नीट मिसळली. काका दुकानात आले तेव्हा मी त्यांना शोधायची चौकट दाखवली. जुन्या फाइलमध्ये हे शक्यच नव्हतं. त्यांनी आपल्या पणजोबांचं नाव घालायला सांगितलं. त्या नावाचे पुरुष तीन शाखांमध्ये निघाले. दोघांच्या जन्मसालात इतका थोडा फरक होता, की पहिल्या आवृत्तीत एकाची मुलं दुसऱ्याच्या नावावर गेली होती. छापील पुस्तकात इतकी वर्षं ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. काकांनी लगेच फोन काढला आणि कोणाला तरी “तुमचे आजोबा आमच्याकडे आलेत” असं सांगायला सुरुवात केली.

विंडोज ७ चं एक मशीन मी अजून ठेवलंय. नेटला जोडलेलं नाही, पण त्याला जुनं पोर्ट आहे आणि पोर्टात तो ठोकळा. भाचा म्हणतो, टाक काढून. पण एका छापखान्याचे मालक अजून त्याच फाँटमधली फाइल मागतात, आणि बिल वेळेवर देतात.