गावाच्या नावाचा पदार्थ

काही गावांना देवामुळे नाव मिळते, काहींना बाजारामुळे आणि काहींना केवळ तेथील खाण्यामुळे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात या तिन्ही प्रकारची उदाहरणे अगदी शेजारीशेजारी सापडतात. खामगावाला कापसाच्या बाजाराने मोठे केले; १८७० साली लॉर्ड मेयोसारखा व्हाइसरॉय तेथे आला तो त्या कापसाच्याच ओढीने. शेगावाचे भाग्य मात्र दुहेरी. १८७८ साली गजानन महाराज तेथे प्रकट झाले, १९१० साली त्यांनी समाधी घेतली, आणि भक्तांची रीघ आजतागायत चालू आहे. परंतु नागपूरच्या गाडीत बसलेला जो प्रवासी शेगावी उतरत नाही, त्याचीही त्या गावाशी एक ओळख असते. समाधीचे दर्शन झाले नाही तर तो बसल्या जागेवरून हात जोडतो व समाधान मानतो. कचोरी हुकली तर मात्र पुढे अकोल्यापर्यंत हळहळतो!

ही कचोरी फार जुनी असावी, अशी पुष्कळांची समजूत असते. मलाही ती लहानपणापासून मंदिराइतकीच पुरातन वाटे. वस्तुतः तिचे वय एखाद्या वृद्ध माणसाच्या वयाहून अधिक नाही. फाळणीनंतर पंजाबातून इकडे आलेले तीरथराम करमचंद शर्मा यांनी १९५०च्या सुमारास शेगावच्या रेल्वे स्थानकावर ती विकावयास आरंभ केला, आणि त्यांच्या मागे घरच्या पुढील पिढ्यांनी तो व्यवसाय चालविला. मैद्याची पारी, आत डाळीचे तिखट सारण आणि सोबत तळलेली हिरवी मिरची, एवढाच काय तो संसार. पण हा संसार फलाटासाठी किती शहाणपणाने मांडला आहे पाहा! गाडी थांबणार दोनतीन मिनिटे. तेवढ्यात ताट मांडता येत नाही, रस्सा वाढता येत नाही, चमचा परत घेता येत नाही. पदार्थ असा हवा की जो कागदात देता यावा, हाताने खाता यावा आणि पुढच्या स्थानकापर्यंत निवाला तरी ज्याची चव जाऊ नये.

यासाठी लागणारी विद्या दिसते तितकी सोपी नाही. पिठाला मोहन कमी पडले तर पारी चिवट होते, जास्त झाले तर ती तेलातच फुटते. आच मोठी ठेवली तर कचोरी वरून तांबूस दिसते आणि आतून कच्ची राहते. मंद आचेवर, धीराने तळले तरच पारीतले पाणी उडून जाते, आणि पाणी उडाले तरच ती खुसखुशीत राहून टिकते. म्हणजे तिकडे गाडीची घाई आणि इकडे कढईचा धीर, असा हा जोड आहे. हा धीर कागदावर लिहून ठेवता येत नाही. तो कढईपाशी उभे राहूनच शिकावा लागतो.

घराण्याच्या धंद्याचा विचार मनात आला, की मला एका फार दूरच्या घराण्याची आठवण होते. बेल्जमच्या ब्रसेल्स शहरात कांतियों नावाच्या कुटुंबाची बिअरची भट्टी आहे. (सोवळ्या वाचकांनी क्षणभर क्षमा करावी, मी भट्टीच्या दारातूनच परत फिरणार आहे.) पॉल कांतियों याने हा व्यवसाय १९०० साली सुरू केला. तेथे सातू व गहू शिजवून काढलेला रस थंडीच्या दिवसांत रात्रभर छपराखाली उथळ भांड्यात उघडा ठेवतात. आपल्याकडे घरातले विरजण संपले तर शेजारून मागून आणतात. तेथे विरजण वारा आणून टाकतो! मग तो रस लाकडी पिंपांत वर्ष-दोन वर्षे, कधी तीन वर्षे, मुरत राहतो. पॉलनंतर मुलगे, त्यांतल्या मार्सेलनंतर त्याचा जावई झाँ-पिएर व्हान रॉय आणि त्यानंतर त्या जावयाचा मुलगा, असा हा वारसा चालत आला. आडनाव बदलले, पण दारावरची पाटी बदलली नाही. १९७८ साली तर त्या जावयाने भट्टीचे संग्रहालय केले आणि आपली रीत येईल त्याला दाखवावयास आरंभ केला.

शेगावात याच्या नेमके उलट घडले. येथे घराणे राहिले, पण पदार्थाला नाव मिळाले ते गावाचे. आज कितीतरी दूरच्या शहरांत ‘शेगाव कचोरी’ अशी पाटी दिसते, आणि तिच्याखालच्या कढईशी ना शेगावचा संबंध असतो, ना शर्मांचा. यात अन्याय आहे काय? भौगोलिक नावांच्या रक्षणासाठी आपल्याकडे १९९९ साली कायदा झाला, तोदेखील नावाचा हक्क एका घराला देत नाही. त्या प्रदेशातल्या सर्व उत्पादकांसाठी तो असतो. याचा अर्थ, कीर्ती गावात वाटली जाते. पण अपकीर्ती? कोठेतरी परक्या शहरात कोणी शिळी, तेलकट कचोरी खातो आणि म्हणतो, ‘शेगावची म्हणे!’ ज्यांनी ती तळलेली नाही, त्यांच्या कष्टाला त्या एका उद्गाराने बट्टा लागतो. अशा वेळी मूळ घराण्याच्या हाती एकच उपाय उरतो: उद्याचा घाणा कालच्यासारखाच काढणे.

आम्हा नोकरदार मध्यमवर्गीयांना या उपायाचे मोल चटकन कळत नाही. आमच्या घरात तीन पिढ्या चाकरीत गेल्या. आजोबांच्या खुर्चीवर वडील बसले नाहीत, वडिलांच्या खुर्चीवर मी बसलो नाही. हुद्दा वारशाने मिळत नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी आमचे सारे कसब त्या खुर्चीपाशीच राहते. त्यामुळे धंदेवाईक घरांचा मला मधूनमधून हेवा वाटतो. पण तो फार वेळ टिकत नाही. मुलाने बापाचीच कढई धरली पाहिजे ही सक्ती काही थोडी जाचक नसते. ब्रसेल्सच्या जावयाकडे पाहिले म्हणजे वाटते, वारसा रक्ताने जातो हे खरे नव्हे. तो हाताने जातो. ज्याला शिकण्याची इच्छा आहे, तो वारस.

आणि शेगावच्या बाबतीत मला सर्वांत अधिक भिडते ते हेच. फाळणीने ज्या प्रांताचे दोन तुकडे केले, तेथून एक माणूस इतक्या दूर वऱ्हाडात येतो. येथली भाषा त्याची नाही, येथली माती त्याची नाही. तो फलाटावर उभा राहून एक पदार्थ विकतो, आणि पाहता पाहता तो पदार्थ या मातीच्या नावाने ओळखला जाऊ लागतो. लोक त्याला परका म्हणू शकले असते. त्यांनी त्याच्या कचोरीला आपली म्हटले, आणि तीही इतकी की ती करणाऱ्याचे नाव बहुतेकांना ठाऊकच राहिले नाही. निर्वासिताला एखाद्या गावाने याहून पक्के घर कोणते द्यावे? तरीसुद्धा पुढच्या खेपेस गाडी शेगावी थांबली आणि कागदातली ऊब हाताला लागली, की तीरथरामांचे नाव एकदा मनाशी घ्यावे, असे मला वाटते.