बादली, बालटी आणि डोल

पहिल्या तासाला मी उर्दू शिकवते, तिसऱ्या तासाला मराठी. मधल्या वेळेत बालटीची बादली होते. खरं तर दोघी सख्ख्या बहिणी, आणि आई पोर्तुगीज. मूळ शब्द 'बाल्द'. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, त्यांची भांडी आली, भांड्यांबरोबर नावंही आली. कुठे 'बालदी' झालं, उत्तरेकडे 'बालटी'. मराठीने 'ल' आणि 'द' यांच्या जागा बदलून 'बादली' केली. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. घमेलं आणि पिंपही त्याच जहाजातून उतरलेले. चावी आणि लिलावही तिकडचेच; उर्दूत ते चाबी आणि नीलाम.

हे मी आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडलं, त्याला कारण होतं. एका मुलीने मराठी निबंधात 'बालटी' लिहिलं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ए, हे मुसलमानी आहे!" म्हणणाराही आमच्यातलाच. घरचा शब्द मराठीच्या वहीत चालत नाही, हे आमची मुलं फार लवकर शिकतात. मराठीत 'बादली' लिहा, हे मी सांगतेच, परीक्षा आहे. पण बादली शुद्ध आणि बालटी परकी, हे कुणी शिकवलं? दोन्ही एकाच बंदरावरच्या.

दादी मात्र दोन्ही म्हणत नसे. विहिरीतून पाणी काढायचं तिचं भांडं म्हणजे 'डोल'. शेजारच्या काकू त्यालाच पोहरा म्हणत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे दादीनेच काकूंकडून उचललं होतं आणि अब्बांना पैसे मागितले की ती ते ऐकवी!

अरबीत बादलीला 'दलव' म्हणतात. सूरह यूसुफच्या 19व्या आयतीत तो शब्द येतो: काफिल्याचा पाणी आणणारा विहिरीत दलव सोडतो आणि भावांनी टाकलेला यूसुफ सापडतो. उर्दू राशिभविष्यात 'बुर्ज-ए-दलव' म्हणजे आपली कुंभ रास. एकाने पाण्यासाठी बादली निवडली, दुसऱ्याने घडा.

गावच्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, पाणी मोटारीने वर येतं. दलव तिलावतीत तरी ऐकू येतो. डोल मात्र दादीनंतर मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.